टनकपूरचं तिकीट

बसमध्ये चढायचं असं काही ठरवलेलं नव्हतं. रविवार होता. माझ्या युनिटची एक छोटी तुकडी वर पिथौरागढला असते, तिच्या पाहणीसाठी तीन दिवस आलो होतो. काम शनिवारीच आटोपलं. सोमवारी पहाटे जिप्सीनं खाली उतरायचं होतं. मधला रविवार मोकळा. सुभेदार साहेब म्हणाले, "सर, गाडी काढू? चंडाक बघून या, हिमालय छान दिसतो." मी म्हटलं, आज गाडी नको, ड्रायव्हरलाही रविवार असू दे. साधा शर्ट-पँट घालून पायीच बाजारात उतरलो. चहा प्यायचा आणि घरी न्यायला बाल मिठाई घ्यायची, एवढाच बेत.

मिठाईच्या दुकानापर्यंत पोचलोच नाही. वाटेत रोडवेजचा स्टँड लागला. एक बस धूर सोडत उभी होती आणि तिचा कंडक्टर दारात लोंबकळत ओरडत होता, "लोहाघाट, चंपावत, टनकपुर! टनकपुर, टनकपुर, टनकपुर!"

ते नाव ऐकून पाय थांबले. का, ते पुढे सांगतो. मी सुभेदार साहेबांना फोन केला, "लोहाघाटपर्यंत बसनं जाऊन येतो, संध्याकाळी परत." पलीकडे दोन सेकंद शांतता. मग "जी सर." त्या "जी सर"मध्ये बरंच काही होतं. पंचवीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला असे स्वर कळतात.

मंडळी, खरं सांगतो, सरकारी बसमध्ये बसून मला पंधरा-सोळा वर्षं झाली होती. आधी कंपनीची गाडी, मग युनिटची, मग सीओची. माझं सगळं लहानपण एसटीत गेलं. खटाव तालुक्यातलं आमचं गाव ते सातारची सैनिक शाळा, पत्र्याची ट्रंक टपावर आणि मी खिडकीत. कंडक्टरनं दोरी ओढून डबल बेल दिली की पोटात खड्डा पडायचा, कारण सुट्टी संपलेली असायची. इथे डबल बेल नव्हती. कंडक्टरनं पत्र्यावर दोन थापा मारल्या, "चलो उस्ताद!" म्हणाला आणि गाडी हलली. पोटात खड्डा मात्र तसाच पडला.

तिकीट मशीनमधून निघालं. पातळ कागद, त्यावर तारीख, वेळ, कुठून कुठे. मी ते घडी घालून खिशात ठेवलं.

पिथौरागढहून टनकपूर सुमारे दीडशे किलोमीटर. रेल्वे टनकपूरला येऊन संपते, पुढे नुसते डोंगर. म्हणजे पिथौरागढ जिल्ह्यातला जवान रजेवर निघाला की गाडीचा प्रवास टनकपूरला किंवा काठगोदामला संपतो आणि खरा प्रवास तिथे सुरू होतो. रस्ता आता रुंद झालाय. चारधाम प्रकल्पात त्याला 'ऑल वेदर रोड' असं नाव मिळालंय. डोंगराला ते नाव कोणी कळवलेलं नाही.

बारा-तेरा किलोमीटरवर गुरना मातेचं देऊळ आलं. गाडी थांबली. इथे सगळ्याच गाड्या थांबतात. पुजाऱ्यानं खिडकीतून हात घालून सगळ्यांना टिळा लावला. माझ्या शेजारी एक निवृत्त शाळामास्तर होते. मी कुठला, ते त्यांनी विचारलं. महाराष्ट्रातला म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हम पंत लोग भी तो वहीं से आए थे! कोंकण से!" कुमाऊंतल्या पंतांमध्ये ही परंपरा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. कोकण म्हणजे नक्की कुठे, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. पण त्यांनी मला आपल्या पिशवीतली काकडी दिली, वर मीठ लावून, जणू गाववाला भेटला.

पुढच्या सीटवर एक पोरगा होता. तेवीस-चोवीसचा असेल. त्याच्या मानेवरचा कट बघूनच मी ओळखलं. पायाशी हिरवी सॅक, मांडीवर दोरीनं बांधलेला पुठ्ठ्याचा खोका. त्यानंही वळून माझ्या मानेकडे आणि बुटांकडे बघितलं आणि हसला.

"दाज्यू, फौजी हो?"

दाज्यू म्हणजे कुमाऊंनीत थोरला भाऊ. मी म्हटलं, "हाँ. सिग्नल में."

"मैं कुमाऊं में," तो म्हणाला. रेजिमेंटबद्दल. मग आम्ही बोलतच राहिलो. खोक्यात आईनं दिलेलं तूप होतं, गहतची डाळ, भट, मडुव्याचं पीठ. लाइनीतल्या दोस्तांनी यादी पाठवली होती. युनिट पंजाबात. परवा सकाळच्या हजेरीला उभं राहायचं होतं. "आज रात तक टनकपुर, वहाँ से रात की बस दिल्ली, कल दिल्ली से गाड़ी. एक दिन हाथ में रख के निकला हूँ, दाज्यू."

गाडी उतरत उतरत घाटला पोचली. खाली सरयू. वर रामेश्वरला पूर्व रामगंगा तिला मिळते आणि पुढे पंचेश्वरला ती स्वतः कालीला मिळते, पलीकडे नेपाळ. पूल ओलांडून गाडी चढणीला लागली. अर्ध्या तासात समोर गाड्यांची रांग दिसली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. कोणी काही विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं.

दरड कोसळली होती.

खाली उतरून वळणापर्यंत गेलो. अर्धा डोंगर रस्त्यावर येऊन बसलेला. पलीकडच्या बाजूनं एक जेसीबी उकरत होता. तो एक खोरं भरून दरीत टाकायचा आणि वरून दोन खोरी घरंगळत यायची. एक म्हातारी रस्त्याच्या कडेला शाल अंथरून बसलीसुद्धा. कोणाच्या तरी डब्यातून आलू के गुटके निघाले. या लोकांना वाट बघायची सवय होती. मला नव्हती. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो.

आता टनकपूरचं सांगतो.

2012 साल. मी मेजर, कंपनी कमांडर, राजस्थानातल्या एका छावणीत. माझ्या कंपनीत पिथौरागढ जिल्ह्यातला एक सिग्नलमन होता. जुलै महिन्यात रजेवरून एक दिवस उशिरा आला. ओएसएल. ज्यांनी वर्दी घातली नाही त्यांच्यासाठी सांगतो, रजा संपल्यावर विनापरवाना राहणं. त्याला माझ्यासमोर उभं केलं. टोपी नाही, पट्टा नाही, लेफ्ट-राइट-लेफ्ट-राइट, थम. मी विचारलं, "कुछ कहना है?"

"साहब, बस नहीं मिली. टनकपुर की. रास्ता बंद था."

आणि त्यानं खिशातून एक चुरगळलेला कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. बसचं तिकीट.

मी ते हातात घेतलं नाही. म्हटलं, "टनकपुर को एक ही बस जाती है क्या?" शेजारी उभे असलेले सिनिअर जेसीओ गालात हसले. मला ते वाक्य फार आवडलं होतं. संध्याकाळी मेसमध्ये मी ते पुन्हा सांगितलं.

सात दिवस लाइनीबाहेर पडायला बंदी आणि कागदावर काळ्या शाईची एक नोंद. फौजेच्या हिशेबात किरकोळ शिक्षा. मला तेव्हा त्यात काही चूक वाटली नाही. खडकवासल्याला तीन वर्षांत आम्ही हेच शिकलो होतो. रविवारी लिबर्टीवर पुण्यात गेलं आणि परतायला एक मिनिट उशीर झाला तर बस, ट्रॅफिक, पाऊस, काहीही सांगून उपयोग नसायचा. कारण सांगणं हीच दुसरी चूक धरली जायची. अठराव्या वर्षी ते ठीक होतं, तिथून पुणं समोर दिसतं. दीडशे किलोमीटरचा डोंगर मध्ये नसतो.

पण मी अकादमीत शिकलो त्याच्या आधीही काहीतरी शिकलो होतो, आणि तेच विसरलो होतो. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार. रजेवर यायचे तेव्हा सातारा स्टँडवरून आमच्या गावची मुक्कामी एसटी धरायचे. ती रात्री गावात येऊन थांबायची आणि पहाटे परत जायची. ती चुकली की फाट्यापर्यंत दुसऱ्या गाडीनं आणि पुढे चालत. पत्रात त्यांनी तारीख लिहिलेली असायची, पण आई त्या तारखेवर कधी विसंबली नाही. मी आणि माझी बहीण कंदील घेऊन पिंपळापाशी उभे राहायचो. गाडी यायची, माणसं उतरायची, वडील नसायचे. घरी गेल्यावर आई म्हणायची, "उद्याच्या गाडीनं येतील." आणि त्यांच्यासाठी काढून ठेवलेली भाकरी सकाळी आम्ही दुधात कुस्करून खायचो. वडील दुसऱ्या दिवशी येत. त्यांच्या साठ दिवसांतला एक दिवस रस्त्यानं खाल्लेला असे, आणि तो कोणी परत देत नसे.

हे सगळं माहीत असलेला मुलगा पुढे मेजर झाला आणि त्यानं एका जवानाचं तिकीट हातात घेतलं नाही.

दुपारचे दोन वाजले. जेसीबी चालूच होता. पोरगा रस्त्याच्या कडेला एका दगडावर चढून फोन उंच धरून उभा होता. एकच कांडी नेटवर्क. त्याचं कंपनी हवालदार मेजरशी बोलणं चाललं होतं, आवाज आमच्यापर्यंत येत होता. "जी उस्ताद... नहीं उस्ताद, सच में... जी, फोटो भेजता हूँ." आता फोटो मागतात. 2012 साली माझ्या सिग्नलमनकडे तसला फोन नव्हता. पण पोराचा फोटोही जात नव्हता, नुसतं गोल गोल फिरत होतं. तो गाडीत येऊन बसला आणि खोक्याची दोरी उगाच सोडून पुन्हा बांधू लागला.

"साहब लोग मानते नहीं, दाज्यू," तो म्हणाला. "बोलते हैं, एक दिन पहले निकलना था. अब एक दिन पहले ही तो निकला हूँ. बरसात में दो दिन पहले निकलो, तो घर में रहा कितना?"

मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं म्हटलं, "अपने एडजुटंट का नंबर दे. मैं बात करता हूँ."

तो हसला. "आप क्या बोलोगे दाज्यू? आपकी कौन सुनेगा?"

मग मला सांगावं लागलं. रँक, नाव, युनिट. तो ताडकन उभा राहिला आणि डोकं वरच्या सामानाच्या रॅकवर जोरात आपटलं. पंत मास्तर दचकून जागे झाले. मी म्हटलं, "बैठ, बैठ." तो बसला, पण सीटच्या कडेला, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. त्यानंतर तो मला एकदाही दाज्यू म्हणाला नाही. "जी साहब", "नहीं साहब", एवढंच. सकाळपासून जो गप्पा मारत होता तो पोरगा गाडीतून उतरून गेल्यासारखा झाला. त्याच्या बहिणीच्या लग्नाची गोष्ट अर्धी राहिली होती, ती अर्धीच राहिली.

दगडावर चढून मी फोन लावला. पलीकडे एक तरुण कॅप्टन. मी सांगितलं, "तुमचा जवान माझ्यासोबत आहे. रस्ता बंद आहे. मी त्याच बसमध्ये बसलोय." अर्ध्या मिनिटात काम झालं. "नो प्रॉब्लेम सर. ही कॅन रिपोर्ट व्हेनेव्हर ही रीचेस, सर."

मी फोन खिशात ठेवला आणि तिथेच थोडा वेळ उभा राहिलो. पोरानं तासाभरापूर्वी शब्दशः हेच सांगितलं होतं. तोच डोंगर, तीच दरड, तीच बस. त्याला फोटो मागितला. मला कोणी मागितला नाही. मी लोणावळ्याहून बोलत असतो तरी त्या कॅप्टननं मानलं असतं. त्या कॅप्टनला दोष देत नाही. 2012 साली टेबलाच्या पलीकडे मीच होतो.

साडेतीनच्या सुमारास जेसीबीवाल्यानं हात केला. गाडी जाणार नव्हती, पण माणूस जाईल एवढी पायवाट झाली होती. मशीन थांबवून लोकांना सोडणार होते. पलीकडे अडकलेल्या जीपगाड्या लोहाघाटकडे वळून उभ्या होत्या. लोक सामान डोक्यावर घेऊन निघाले. मास्तर घाटला परतणाऱ्या गाडीत बसले. मी पोराचा खोका उचलला. "नहीं साहब, नहीं," तो माझ्या मागे धावला. मी म्हटलं, "सॅक तू घे. वरती नजर ठेव, दगड येतात."

ओल्या मातीत बूट घोट्यापर्यंत रुतत होते. मधेच वरून बारीक खडे आले तेव्हा कोणीतरी ओरडलं आणि सगळे पळाले, मीही तूप छातीशी धरून पळालो. पलीकडे पोचल्यावर त्यानं खोका घेतला, खाली ठेवला आणि साध्या कपड्यांतच सावधान झाला. जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "जा, भुला. गाडी छूट जाएगी." भुला म्हणजे धाकटा भाऊ. तो जरासा हसला. मग गेला.

मी तीच पायवाट उलटी तुडवून परत आलो, घाटहून दुसरी गाडी मिळाली, आणि रात्री आठला चिखलानं माखून तुकडीत पोचलो. सुभेदार साहेब फाटकापाशी उभे होते. काही बोलले नाहीत. गरम पाणी तयार होतं.

खाली परतल्यावर मी तेव्हाच्या हेडक्लार्क साहेबांना शोधून काढलं आणि त्यांच्याकडून त्या सिग्नलमनचा नंबर मिळवला. तो नाईक होऊन निवृत्त झालाय, हल्द्वानीत दुकान चालवतो. डोंगरातलं घर बंद आहे. पोरांच्या शाळेसाठी खाली आला. माझं नाव सांगितल्यावर त्यानं लगेच ओळखलं. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग मी विचारलं, 2012 सालचं आठवतं का.

"याद है साहब," तो हसून म्हणाला. "सात दिन."

"रास्ता कहाँ बंद था?"

"स्वाला में. रात बस में ही कटी. वैसे गलती मेरी भी थी साहब. बरसात में हम लोग दो दिन पहले निकलते हैं. मैं एक दिन पहले निकला. बेटी हुई थी, ग्यारहवें दिन नामकरण था. नामकरण करके निकला."

त्याच्या रजेच्या अर्जावर मुलगी झाल्याचं लिहिलेलं असणार. तो अर्ज मीच मंजूर केला असणार. मला आठवत नव्हतं.

मी म्हटलं, "मुझे टिकट देखना चाहिए था."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मागे दुकानात कोणीतरी साखरेचा भाव विचारत होतं.

"जी साहब," तो म्हणाला.

"जाने दीजिए" म्हणाला नाही. "कोई बात नहीं" म्हणाला नाही. मला ते बरं वाटलं. त्यानंतर त्यानं घरी यायचं आमंत्रण दिलं. मुलगी आता शाळेत आहे, गणितात हुशार आहे, असं सांगितलं.

जवानाला वर्षाला साठ दिवस वार्षिक रजा आणि तीस दिवस नैमित्तिक रजा मिळते. पंचवीस वर्षांत मी अशा किती कागदांवर सह्या केल्या, मोजदाद नाही. त्या कागदावर तारखा असतात, पत्ता असतो, जवळचं रेल्वे स्टेशन असतं. स्टेशनच्या पुढचं काही नसतं. हल्ली मी सही करण्याआधी एक प्रश्न विचारतो. पहिल्या आठवड्यात हेडक्लार्कला वाटलं, साहेब पहाडातून काहीतरी घेऊन आले. आता तो रजिस्टरमध्ये पेन्सिलीनं एक रकाना आखून ठेवतो. पावसाळ्यात पहाडी पोरांच्या, ईशान्येकडच्या पोरांच्या नावापुढे एक दिवस जास्त धरतो. नियमात जेवढं बसतं तेवढंच. शिस्त ढिली झाली का? अजून तरी नाही. ओएसएल पूर्वीही फार नव्हते. पण आता कोणी उशिरा आला तर मी आधी तिकीट मागतो आणि हातात घेऊन वाचतो. एकाचं तिकीट खोटं निघालं. त्याला शिक्षा झाली, तीही तिकीट वाचूनच.

परवा एक नवा पोरगा रजेचा कागद घेऊन उभा राहिला. नांदेडकडचा. मी विचारलं, "स्टेशन से घर कितना?"

"चाळीस किलोमीटर, सर." मी मराठी आहे हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

"शेवटची गाडी किती वाजता?"

तो गोंधळला. साहेबांनी बसची वेळ विचारावी, याची त्याला अपेक्षा नव्हती. मग म्हणाला, "सर, मुक्कामी गाडी सातला सुटते. चुकली तर फाट्यावरून चालत."

"घ्यायला कोण येतं?"

"धाकटा भाऊ येतो, सर. बॅटरी घेऊन."

मी सही केली.